समुद्र किती लांब हाये?

गेली दोन वर्षं मी या पानावरून तुम्हाला दर आठवड्याला कुठे ना कुठे पिटाळतेय. शुक्रवारी ऑफिसातून सटका, गाडी काढा, रविवारी रात्री परत या, सोमवारी डेस्कवर टवटवीत! हा आपला ठरलेला फॉर्म्युला. पावसाळ्यात माळशेज, थंडीत दिवेआगर, लाँग वीकेंड असेल तर तारकर्ली. तुमच्यापैकी काही जण मेल करून थँक्स म्हणतात. काही जण 'तुम्ही लिहिलेला भजीवाला त्या दिवशी नव्हताच' म्हणून झापतातही. दोन्ही मंजूर.

पण या दिवाळीत एका वाचकानं माझी विकेटच काढली. हा वाचक केदारखेड्यात राहतो. जालना जिल्हा, भोकरदन तालुका, पूर्णा नदीच्या काठावरचं गाव. वय सदुसष्ट, व्यवसाय शेती, कापूस, मका आणि थोडी मोसंबी. हा वाचक म्हणजे माझे दादा. दादा म्हणजे वडील, आमच्याकडे वडिलांना दादाच म्हणतात.

मी गावी जाताना जुने अंक घेऊन जाते. दादा ओसरीवर बसून चष्मा लावतात आणि माझा कॉलम सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचतात. त्या दिवशी त्यांनी गुहागरवरचा लेख वाचला, अंकाची घडी केली आणि विचारलं, "बाई, हे समदं तू सोता पाहून लिहितीस का?"

"म्हणजे काय दादा, जाऊनच लिहिते."

"मंग समुद्र किती लांब हाये इथून?"

बस, एवढंच. 'आम्हाला ने' असं ते म्हणाले नाहीत, म्हणणारही नाहीत. उत्तराची वाट न बघता ते म्हशीला वैरण टाकायला उठून गेले. आणि मी, हजारो लोकांचे वीकेंड प्लॅन करणारी, मोबाइल हातात धरून बसून राहिले. माझ्या आईवडिलांनी आजवर समुद्र पाहिलेला नाही.

तीनदा हुकलेली ट्रिप

प्रयत्न केले नाहीत असं नाही हं. पहिला प्लॅन 2018 मधला. मला पहिली नोकरी लागली होती, पगार कमी पण हौस दांडगी. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला, मराठवाड्यात दुष्काळ पडला. विहिरीनं तळ गाठलेला असताना 'चला बीचवर' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. दुसरा प्लॅन 2020 च्या मार्चअखेरचा. पुढे काय झालं ते सांगायला नको, अख्खा देशच घरात बसला. तिसऱ्या वेळी मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. आधी एक डोळा, मग दुसरा. ऑपरेशनं छान झाली, पण ट्रिपचे पैसे तिकडे गेले.

तर हा चौथा प्रयत्न. आणि या वेळी ठरवलं की दुसऱ्या कुणासाठी प्लॅन केला असता त्याहून जास्त काटेकोर प्लॅन करायचा. म्हणून आजचा कॉलम जरा वेगळा आहे. ट्रिप व्हायची आहे. हा फक्त प्लॅनिंगचा हिशेब. तुमच्यापैकी किती जणांचे आईबाबा सातारा, लातूर, बुलडाणा, यवतमाळला आहेत आणि तुम्ही दर महिन्याला अलिबागला जाता? हात वर करू नका, मनातल्या मनात मोजा.

रत्नागिरीच का?

गोव्याला जायचं का? दादा गोव्याच्या बीचवर धोतर सावरत उभे आहेत, हे चित्र मला क्यूट वाटतं, त्यांना वाटणार नाही. मुंबईला तर समुद्रापेक्षा गर्दीच जास्त दिसेल. अलिबाग, दापोली, मालवण, सगळी यादी काढली आणि शेवटी रत्नागिरीवर टिक केली.

कारण साधं आहे. आपण तिशीच्या आतले लोक रोज रात्री नव्या गावात मुक्काम टाकू शकतो. साठीपुढच्या माणसांना रोज पिशव्या भरणं, नवी गादी, नवं न्हाणीघर यांचा त्रास होतो. त्यांच्यासाठी एकच शहर पकडायचं, तिथे तीन रात्री राहायचं आणि रोज सकाळी वेगळ्या दिशेला फेरी मारून संध्याकाळी त्याच खोलीत परत यायचं. रत्नागिरी यासाठी फिट आहे. जिल्ह्याचं ठिकाण असल्यानं दवाखाने, औषधांची दुकानं, एटीएम, गॅरेज सगळं हाताशी. उत्तरेला आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड. दक्षिणेला भाट्ये, पावस, पूर्णगड. आणि गावातच टिळकांचं जन्मस्थान, थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, मांडवी. कुठलीच फेरी अशी नाही की दिवसभर गाडीतच काढावा लागेल.

आता मुख्य अडचण. केदारखेड्याहून जालना, छत्रपती संभाजीनगर, पुणे, कोल्हापूर आणि आंबा घाटातून खाली रत्नागिरी. हा पल्ला जातो सातशे किलोमीटरच्या घरात. पुण्यातून निघणाऱ्याला समुद्र तीन-चार तासांवर असतो, म्हणून आपल्याला वाटतं महाराष्ट्र म्हणजे किनारपट्टी. जालन्यावाल्याला तो दोन दिवसांवर आहे. दादांच्या प्रश्नाचं उत्तर हे असं होतं. मी त्यांना ते फोनवर सांगितलं तर म्हणाले, "एवढं? मंग आपला नाथसागर काय वाईट हाये? पैठणला पाह्यला की म्या. पल्याडचा काठ दिसत न्हाई."

नाथसागर म्हणजे जायकवाडीचा जलाशय. 1976 साली पुरं झालेलं धरण, मराठवाड्याचा पाण्याचा हंडा. दादांसाठी 'लई पाणी' या शब्दाची हद्द तिथपर्यंत. माझी चिडचिड होणार होती, तेवढ्यात लक्षात आलं की हा नकार नाही. खर्चाचा आकडा ऐकून माणूस मागे सरतोय.

आधी वेळ कुणाची, ते बघा

आपल्याकडे ट्रिपची तारीख ठरते रजेच्या अर्जावर. शेतकऱ्याची रजा कोण मंजूर करणार? दिवाळीनंतर कापसाची वेचणी. मग गव्हाचं पाणी, तेही लाइट असेल तेव्हा, म्हणजे कधी कधी रात्री दोनला. होळीच्या आसपास काढणी. मे महिन्यात मशागत. जूनमध्ये आभाळाकडे डोळे. आणि रोज, बाराही महिने, दोन वेळा म्हशीची धार. म्हैस वीकेंड पाळत नाही.

शेवटी माघ महिना निघाला. वेचणी उरकलेली, गव्हाचं पाणी चुलतभाऊ बघणार, म्हैस काकूकडे. काकूनं अट घातली, "येताना मला समुद्राचं पाणी आन बाटलीत." डन!

एक तोटा आहे. माघात हापूस खायला मिळत नाही, नुसता मोहोर आणि कैऱ्या बघायच्या. पण दादांना त्यातच जास्त रस. शेतकऱ्याला झाडावरचा माल बघायचा असतो. शिवाय त्यांनी स्वतःच एक प्रोजेक्ट काढलाय. 'जालन्याची मोसंबी' म्हणून आमच्या मोसंबीला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं, कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये. दादांचं म्हणणं, आपण दोन वर्षं सीनियर आहोत! त्यामुळे मृग बहाराची एक गोणी डिकीत जाणार आहे. जिथे राहू त्या घरच्यांना द्यायला. "रिकाम्या हातानं कोनाच्या घरी जायाचं नसतं बाई." मी समजावलं की आपण त्यांना भाडं देणार आहोत. "ते येगळं," म्हणाले.

खोली बघताना

इथे माझा जुना अनुभव कामी आला. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर किनाऱ्यावरच्या एका गावात (नाव नको) फोटो बघून खोली बुक केली होती. फोटोत समुद्र खिडकीला टेकलेला. प्रत्यक्षात खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला कठडा नाही आणि समुद्र बघायचा तर गच्चीवर टाकीपाशी चढायचं. आम्ही हसलो, सेल्फी काढले, विषय संपला. मायच्या गुडघ्यांबरोबर तो विषय संपला नसता.

म्हणून या वेळी बुकिंगचं बटण दाबायच्या आधी फोन केले, एकूण सात. खोली तळमजल्यावर आहे का? संडास कसा आहे, खाली बसायचा की कमोड? दादांना कमोड जमत नाही, मायला खाली बसता येत नाही. हे विचारायला लाजायचं नाही, बॉस. गरम पाणी सकाळी किती वाजता? जेवण शाकाहारी मिळेल का? माळकरी घर आहे आमचं. गाडी दारापर्यंत येते का? सातव्या ठिकाणी, रत्नागिरी गावाच्या जरा बाहेर, एका काकांनी सगळ्या प्रश्नांना 'होय हो' म्हटलं आणि वर म्हणाले, "तुमच्या वडलांना आंबोळी आवडते काय? नायतर भाकरी करू."

आणि मग त्या काकांनीच माझा सगळा प्लॅन उधळून लावला.

पाऊणपटीचा पाढा

मी माझ्या सवयीनं शुक्रवार ते रविवार पकडला होता. काकांनी विचारलं, "तिथी कुठली आहे तेव्हा?"

तिथी? मला तर तारीख पण कॅलेंडर अ‍ॅप सांगतं.

तेव्हा त्यांनी किनाऱ्यावरचा जुना हिशेब सांगितला. तिथीला पाऊणपटीनं गुणायचं, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटेही तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. तिथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. दर दिवशी वेळ पाऊण तासानं, नेमकं सांगायचं तर अठ्ठेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो. पक्ष कुठलाही असो, शुक्ल किंवा वद्य, हिशेब तोच. मिनिटाला मिनिट जुळत नाही, अंदाज मात्र पक्का येतो.

मला हे भारी वाटलं. 'बघा दादा, कोकणात काय एकेक फंडे असतात' म्हणून गंमत म्हणून रात्री फोनवर सांगितलं. पलीकडे शांतता. मग कालनिर्णयाची पानं उलटल्याचा आवाज.

"बाई, तू शुक्रवार म्हनलीस न्हवं? त्या दिशी अष्टमी हाये. आठ पाऊणे सहा. म्हंजी सांजच्याला सहाला पानी भरून येनार. शनवारी नवमी, पावणेसात. आईतवारी दशमी, साडेसात. तिन्ही सांजेला पानी वर. तुझी माय उभी कुठं राहनार?"

मी गप्प.

"पुढं एका मंगळवारी पुनव हाये. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुपारी भरून जाईल, सांजच्याला पाच-साडेपाचला पानी खाली. वाळूवर चालाया मोकळं. अन् पुनवेला दिवस मावळायला अन् चंद्र उगवायला एकच टाइम. इकडून जातो, तिकडून येतो. दोनी दिसतील."

समुद्र कधीच न पाहिलेल्या माणसानं, जालना जिल्ह्यातल्या एका ओसरीवर बसून, भरती-ओहोटीवरून माझी तारीख चुकवली होती. मी मास कम्युनिकेशन केलंय, ट्रॅव्हलवर लिहिते, आणि माझ्या तीनही संध्याकाळी मी फुल भरतीत घातल्या होत्या. पौर्णिमा-अमावास्येला भरती मोठी आणि ओहोटीही मोठी असते, पाणी खूप आत जातं आणि वाळू भरपूर उघडी पडते, एवढं मला शाळेपासून माहीत होतं. पण ते परीक्षेत लिहिण्यासाठी.

त्या फोननंतर एक गोष्ट बदलली. नाथसागराचं नाव निघालं नाही. दादा प्लॅनमध्ये आले. आता दर दोन दिवसांनी त्यांचे प्रश्न येतात. गाडीला स्टेपनी हाये का? घाट तू उतरवनार का कोन? (मीच. सेकंडहँड आहे पण गाडी माझी आहे. लेकीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून दादा कधी एवढ्या लांब गेलेले नाहीत. ट्रॅक्टर चालवणारा माणूस, त्यामुळे प्रत्येक वळणावर त्यांचा पाय हवेत ब्रेक दाबणार, याची मी तयारी ठेवलीय.)

तर फायनल प्लॅन

रविवार. पहाटे केदारखेड्यातून निघायचं. पहिला थांबा वाटेतलं राजूर. मायनं आधीच ठणकावलंय, "त्या गनपतीला जायाच्या आधी ह्या गनपतीला सांगून जायाचं." राजूरचा राजुरेश्वर म्हणजे गणेशाच्या साडेतीन पीठांपैकी एक, अंगारकीला जालन्यापासून लोक पायी येतात. मग जालना, संभाजीनगर, दुपार टळायच्या आत वाघोलीचा ट्रॅफिक पार करून पुण्यात माझ्या फ्लॅटवर मुक्काम. माझी रूममेट त्या दिवशी तिच्या मावशीकडे. थँक यू डिअर!

सोमवार. पुणे ते कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शन, लवकर जेवण, लवकर झोप. आपण हे अंतर एका दमात मारून पुढे जाऊ, पण मुद्दा पोचण्याचा नाही. मंगळवारी संध्याकाळी माय ताजी असली पाहिजे.

मंगळवार, पौर्णिमा. सकाळी कोल्हापूरहून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. एक टीप, फुकट देतेय. मॅपवर 'रत्नागिरी' टाकताना नीट बघा. जोतिबाचा डोंगर ज्या गावात आहे त्याचं नाव वाडी रत्नागिरी, आणि ते कोल्हापूरजवळच आहे. मी पहिल्यांदा टाकलं तेव्हा समुद्र चक्क अर्ध्या तासावर आला होता! मायला घाटात गाडी लागते, म्हणून ती पुढे बसणार, दादा मागे. पोट रिकामं नाही आणि तुडुंबही नाही, पदरात लिंबू. दुपारी खोलीवर आराम. आणि पाच वाजता भाट्ये.

पहिला समुद्र कुठला दाखवायचा यावर मी आठवडाभर विचार केला. माझं मत होतं आरे-वारे. वरून रस्ता वळतो आणि एकदम खाली दोन किनारे उलगडतात, फोटोला किलर. मायला विचारलं तर म्हणाली, "वरून पाहून काय करू? पाय बुडाले पायजेत." तिला नारळ द्यायचाय, हळदकुंकू वाहायचंय. भाट्याचा किनारा लांब, सपाट, शहराला खेटून, मागे सुरूची झाडं. गाडीतून उतरून फार चालायला नको. एका बाजूला सूर्य जाईल, सुरूंच्या मागून चंद्र येईल. पहिला समुद्र भाट्ये, ठरलं.

बुधवार. उत्तर फेरी. आरे-वारे मार्गे गणपतीपुळे. इथला गणपती स्वयंभू, पश्चिमेकडे तोंड करून, मागचा अख्खा डोंगरच देव मानलेला, त्यामुळे प्रदक्षिणा डोंगराला घालायची, साधारण एक किलोमीटर. मायचे गुडघे परवानगी देतील तेवढी. समुद्र देवळाला लागून, पण पाण्यात मात्र नाही. गणपतीपुळ्याच्या पाण्याला ओढ आहे, दरवर्षी माणसं जातात, जीवरक्षक ओरडतात ते उगाच नाही. आरे-वाऱ्यालाही तेच. पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक. आधुनिक मराठी कवितेचे जनक त्या लहानशा कौलारू घरातले. दादांची शाळा सातवीपर्यंत, पण 'तुतारी' अजून पाठ आहे. मग जयगड, किल्ला, आणि माझ्याकडून सरप्राइज म्हणजे तवसाळची फेरीबोट. शास्त्री नदीची खाडी गाडीसकट बोटीतून ओलांडायची, पलीकडे चहा प्यायचा, परत यायचं. काम काहीच नाही तिकडे. गाडी बोटीत चढते हे दादांना बघायचंय एवढंच.

गुरुवार. सकाळी गाव. टिळक आळीतलं घर, जिथे 23 जुलै 1856 ला लोकमान्य जन्मले. 1931 मध्ये सर्व जातींसाठी उघडलेलं पतितपावन मंदिर, भागोजीशेठ कीरांच्या पैशातून उभं राहिलेलं, त्या वेळी सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. मग थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी 1885 मध्ये त्याचं राज्य घेतलं, 1886 मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा 1910 च्या सुमारास झाला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. तीस वर्षं. पश्चिमेचा समुद्र रोज समोर, घर मात्र मागे पूर्वेला, दुसऱ्या समुद्रापलीकडे. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे, 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. मी दादांना ही गोष्ट फोनवर सांगितली तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याला रोज दिसायचा, अन् नको असंल."

दुपारी पावस, स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर. ज्ञानेश्वरी अभंगांत उतरवणारे स्वामी, 1974 मध्ये समाधिस्थ झाले. माय तिथे हरिपाठ म्हणणार, आम्ही दोघं बाहेर सावलीत बसणार. शुक्रवारी पुणे, शनिवारी घर.

पाण्याचं काय?

मला एक भीती होती. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे सातशेच्या आसपास, तोही लहर असेल तर. हे हिरवंगार बघून दादांना आपल्या कोरड्या रानाचं वाईट वाटेल का? खोलीवाल्या काकांशी बोलताना सहज विषय निघाला. ते म्हणाले, "पडतो हो, पण राहत नाही. जांभा दगड, सगळं झिरपून समुद्राला. मे महिन्यात आमच्या वाड्यांनाही टँकर लागतात." मी हे दादांना सांगितलं. खरं सांगू, त्यांना बरं वाटलं! टँकरची वाट बघणारी माणसं तिकडेही आहेत म्हटल्यावर कोकण एकदम ओळखीचं झालं.

पैशाचं

हा विषय टाळून चालत नाही. सगळं मिळून पंधराशे-सोळाशे किलोमीटर गाडी पळणार, म्हणजे नव्वद लिटरच्या आसपास पेट्रोल. वर टोल, खोली, जेवण. मी फ्रीलान्सर आहे, माझे चेक कधी येतात ते संपादकांनाच ठाऊक (हे छापून आलं तर समजा त्यांना विनोद कळतो). तरी मी सगळा खर्च माझा म्हणून जाहीर केलं होतं.

परवा गावाहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाकडे दादांनी पाकीट पाठवलं. आत कापसाचे पैसे आणि वहीच्या पानावर एक ओळ: पेट्रोल माझं. मी फोन करून भांडले. ते म्हणाले, "खोली तुझी, जेवन तुझं, गाडी तुझी. मला कायतरी ठेवशील का न्हाई?"

ठेवलं. आपण आईबाबांना फिरवायला नेतो तेव्हा एवढी एक चूक हमखास करतो. त्यांना पाहुणे करून टाकतो. त्यांच्याकडे पाकीट नाही, तारीख नाही, रस्ता नाही, फक्त पिशवी आणि सीट बेल्ट. दादांनी तारीखही स्वतःची घेतली, पेट्रोलही. आता ही ट्रिप रद्द झाली तर त्यांचीही रद्द होणार आहे, आणि म्हणूनच मला वाटतं, या वेळी होईल.

काल रात्री पुन्हा फोन आला. आवाज एकदम बारीक, माय झोपली असावी.

"बाई, आपल्या पूर्णेचं पानी तिथंच जातं का गं? त्या रत्नागिरीला?"

मी सांगितलं, नाही दादा. पूर्णा येलदरीच्या धरणातून पुढे गोदावरीला मिळते, आणि गोदावरी जाते पूर्वेला, आंध्रात, बंगालच्या उपसागरात. आपलं पाणी उलट्या दिशेला जातं.

"अस्सं." थोडा वेळ गेला. "मंग तो दुसरा समुद्र झाला."

"हो."

"तो किती लांब हाये?"

...

जाताय? हे लक्षात ठेवा

तिथी बघा: संध्याकाळी किनाऱ्यावर चालायचं तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा. भरतीच्या नेमक्या वेळा स्थानिकांना विचारा.

आठवड्याच्या मधले दिवस: खोल्या सहज मिळतात, गणपतीपुळ्याला रांग छोटी. संकष्टी आणि सलग सुट्ट्या टाळा.

दर दोन तासांनी थांबा: पाय मोकळे, पाणी, औषधं. बीपी-शुगरच्या गोळ्या पर्समध्ये, डिकीत नाही.

सोमवार: सरकारी संग्रहालयं बहुधा बंद असतात. थिबा पॅलेस दुसऱ्या दिवशी ठेवा.

फेरीबोट: शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्या. चुकली तर रस्त्यानं मोठा वळसा आहे.

पावसाळ्यात घाट: दरडी कोसळतात. निघण्यापूर्वी रस्ता सुरू आहे ना, याची खात्री करा.

डबा: पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. बाकी सगळं तिकडे मिळतं, दशम्या मिळत नाहीत.

आणि एक रिकामी बाटली. काकूसाठी.